स्की नव्हत्या

तोंडात कापसाचे दोन बोळे, एक आरसा आणि थुंकी ओढून घेणारी नळी अशा अवस्थेत मी खुर्चीत आडवा असताना दातांची डॉक्टर रान्दी म्हणाली, "काल हेर्दिसच्या स्कींना लावलं तरी काय होतंस तू?" आता याला काय उत्तर द्यायचं? मी नुसता आ वासलेला. तिनं तो आ म्हणजे कबुलीजबाबच धरला आणि माझी दाढ कोरता कोरता तिच्या मेहुण्याचं मत सांगायला लागली. मेहुणा हामारला राहतो, सुतारकाम करतो, आणि जुन्या बर्फावर नवा बर्फ पडला की स्कीच्या तळाला बारीक रेघा पाडाव्यात, जाड पाडू नयेत, असं त्याचं म्हणणं. मला सांगायचं होतं की बाई, बारीकच पाडल्या होत्या. मला हेही सांगायचं होतं की मी सव्वीस वर्षं राष्ट्रीय संघाच्या स्कींना मेण लावतोय आणि तुझ्या मेहुण्याचं एक टेबलसुद्धा मी कधी नीट करायला गेलो नाही. पण नळी खळखळत होती, आणि तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. दाढेवरची टोपी निघाली होती तीही या प्रकरणातच. काल दुपारी मेणाच्या ट्रकमधल्या टीव्हीसमोर उभा राहून हेर्दिसचं बोलणं ऐकताना मी दात इतके आवळले की टोपी निघाली आणि कॉफीबरोबर गिळलीसुद्धा.

हेर्दिस काल काय म्हणाली ते साऱ्या देशानं ऐकलं. वर होल्मेनकोलेनच्या टेकडीवर जागतिक स्पर्धा, घरचं मैदान, तीस हजार माणसं गळ्यात घंटा अडकवून उभी. स्कीवर साडेसात किलोमीटर, मध्ये दोनदा थांबून बंदूक खांद्याला लावायची. झोपून पाच, उभ्यानं पाच. तिनं दहाच्या दहा निशाणं पाडली, आणि नंबर आला एकेचाळिसावा. दहापैकी दहा मारून एकेचाळिसावा येणं म्हणजे परीक्षेला सगळी उत्तरं बरोबर लिहून नापास होण्यासारखंच. टीव्हीवाली बाई तोंडासमोर माईक धरून उभीच होती. हेर्दिसनं टोपी मागे सरकवली, घाम पुसला आणि म्हणाली, "काय करणार? आज स्कीच नव्हत्या." झालं. आमच्याकडे या तीन शब्दांना कुणी उलट प्रश्न विचारत नाही. स्की नव्हत्या याचा अर्थ पायात दोन पट्ट्या होत्या, पण त्या पळत नव्हत्या, आणि त्या पळत नव्हत्या कारण मेणवाल्यानं घाण केली. नाचता येईना तर अंगण वाकडं असं म्हणायची सोय दुसऱ्या कुठल्या देशात नसेल एवढी आमच्याकडे आहे, कारण अंगणाचा मालक हजर असतो. मीच तो.

दवाखान्यातून बाहेर पडलो तर अर्धं तोंड बधिर. मेट्रोत चढण्यापूर्वी मी संघाचं जाकीट उलटं करून घातलं, अस्तर बाहेर. छप्पन वर्षांच्या माणसानं स्टेशनच्या खांबाआड उभं राहून जाकीट उलटं करायचं, काय वेळ आली आहे. डबा झेंड्यांनी, पाठपिशव्यांनी आणि संत्र्यांच्या वासानं भरलेला. माझ्या समोरच्या बाकावर एक जोडपं बटरपेपरमधला तपकिरी चीजचा पाव खात बसलं होतं आणि नवरा बायकोला समजावत होता की यंदा ती जुनी मेणाची पावडर बंद केल्यापासून आमच्या लोकांना मेणातलं काही कळेनासं झालंय. बायको म्हणाली, काहीतरी बदल करायला हवा, तो मेणवाला ओड्वार आता म्हातारा झाला. मी खिडकीबाहेर पाहिलं. पन्नास लाखांचा देश आणि पन्नास लाख मेणवाले. कुणाच्या आजोबांनी तळघरात मेण वितळवलं नव्हतं असं घर सापडायचं नाही, आणि त्या बळावर प्रत्येक जण मला शिकवणार. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरला कुणी विचारतं का, टाका कुठे घातलास म्हणून?

आणि त्यातलं खरं दुखणं हे की स्की होत्या. नुसत्या होत्या असं नाही, काल त्या मैदानावर त्यांच्यासारखी जोडी फार तर आणखी एखादीच असेल. सतरा नंबरची, तिसऱ्या हिवाळ्यातली, तळ आता कुठे मेण प्यायला लागलेला. मी हे अंदाजानं म्हणत नाही. मला एक जुनी सवय आहे. शेवटच्या चढानंतर जो लांब उतार लागतो तिथे मी दोन झाडं ठरवून ठेवतो. वरच्या पाइनच्या झाडाजवळ स्की आली की घड्याळ दाबायचं, खालच्या वाकड्या बर्चजवळ पोचली की थांबवायचं. त्या पट्ट्यात सगळ्या जणी अंग दुमडून बसलेल्या असतात, कुणी पाय मारत नाही, कुणी काठी टोचत नाही. तिथे फक्त स्की धावते. संगणकवाले मला हसतात, हसोत. काल मी तिथे उभा राहून अडतीस जणींचा वेळ वहीत उतरवला आणि हेर्दिस त्यात दुसरी आली. पण त्याआधी वर चढावाकडे पाहिलं होतं, तर तीच हेर्दिस अशी येत होती की मला वाटलं कुणी मागून दोरी धरलीय. खांदे हलताहेत, डोकं हलतंय, आणि पायांना त्याचा पत्ता नाही. जानेवारीत तिला ताप आला होता तो छातीत उतरला होता. बरी झाले म्हणाली. तेहतीस वर्षांची बाई बरी झाले म्हणते तेव्हा आपण काय तिचे कान धरायचे? पण पायांनी काल सांगितलं ते मी पाहिलं, आणि माझ्याशिवाय बहुधा कुणी पाहिलं नाही. सगळे निशाणांकडे बघत होते.

ट्रकपाशी पोचलो तर माझ्या हाताखालचे पाच जण एकदम गप्प झाले. इस्त्र्या तापलेल्या, मेणाचा तो गोडसर धूर, आणि कुणी माझ्याकडे बघेना. म्हणजे विषय माझाच होता. एकानं मुद्दाम मोठ्यानं विचारलं, दाढ कशी आहे. मी म्हटलं, दाढ माझ्या बाजूची आहे. कुणी हसलं नाही. मग प्रशिक्षक आर्नफिन आत आला, दार लावून घेतलं आणि पोरांना कॉफी पिऊन या म्हणाला. आर्नफिन वाईट माणूस नाही. फक्त त्याला प्रत्येक निर्णयाच्या खाली दुसऱ्याची सही लागते. शनिवारी बायकांची रिले. चौघींची नावं शुक्रवारी दुपारपर्यंत द्यायची. तिघी ठरलेल्या. चौथी हेर्दिस किंवा सुन्निवा, ती एकवीस वर्षांची, जिचे पाय जनावरासारखे आहेत आणि उभ्यानं नेम धरताना हात लटपटतात. तो म्हणाला, हेर्दिसचे पाय ठीक असतील तर प्रश्नच नाही, तिनं दहापैकी दहा मारलेत, घरच्या मैदानावरची तिची ही शेवटची स्पर्धा आहे, सगळ्यांना ती हवी आहे. पण पाय ठीक आहेत का? ते एकट्या तुला माहीत. "स्की खराब होत्या की नाही, एवढं एक सांग मला ओड्वार." मी म्हटलं माझं तोंड बधिर आहे. तो म्हणाला, मग उद्या सांग, आणि जाताना कपाटावरचं माझं संत्रं उचलून घेऊन गेला.

चोर सोडून संन्याशाला सुळी देतात हे मी ऐकून होतो, पण संन्याशालाच विचारायचं की बाबा, कुणाला देऊ, ही नवी तऱ्हा. स्की चांगल्या होत्या म्हणालो तर हेर्दिसची शेवटची शर्यत ती बुधवारची एकेचाळिसावी. वर टीव्हीवर खोटं बोलली हेही जगजाहीर. चांगल्या नव्हत्या म्हणालो तर सव्वीस वर्षांचं नाव पाण्यात, आणि तेही त्या जोडीसाठी, जिचा तळ मी पोटच्या पोरीच्या गालासारखा हातानं तपासून पाठवला होता. आणि मला राग कशाचा आला सांगू? तिच्या खोटं बोलण्याचा नाही. ती मला सांगून बोलली असती तर मी काय नाही म्हणालो असतो? अकरा वर्षं मी तिच्या स्की करतोय. तिचं लग्न मोडलं तेव्हा ती याच बाकावर बसून रडली होती आणि मी काहीच न सुचून तिच्या चौदा जोड्या पुन्हा घासल्या होत्या. काल बोलून झाल्यावर ती ट्रकसमोरून गेली आणि आत वळली नाही. त्याचा राग.

खोटं बोलू नये, रागाचं कारण आणखीही एक आहे, आणि ते मी इस्त्री हातात घेऊन उभा असताना नेमकं येऊन छातीवर बसतं. तेहतीस वर्षांपूर्वी मीही धावायचो. हो, बंदूक पाठीला लावून, अंगाला चिकटलेल्या निळ्या कपड्यांत. फिनलंडात जागतिक स्पर्धा होती आणि मला संघात पहिल्यांदा घेतलं होतं. आमचा मेणवाला कोल्ब्योर्न, एल्वेरुमचा, मोठ्या हातांचा, दिवसाला चार वाक्यं बोलणारा. दोन झाडांची युक्ती त्याचीच. त्या शर्यतीत दुसऱ्या फेरीला मी घाबरलो. दुखलं नाही, ताप नव्हता, नुसता घाबरलो. चढ समोर आला आणि मला वाटलं हा मला जमणार नाही, आणि पायांनी ते लगेच ऐकलं. बावन्नावा आलो. वडील गावात रेडिओ लावून बसलेले, शेजारी बोलावलेले. तेव्हाच्या प्रशिक्षकानं विचारलं काय झालं, आणि ते तीन शब्द कुठून माझ्या तोंडात आले मला आजही कळत नाही. कोल्ब्योर्न तिथेच उभा होता. प्रशिक्षकानं त्याच्याकडे पाहिलं. कोल्ब्योर्ननं आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या स्कींकडे, आणि म्हणाला, "मेण चुकलं. माझं." प्रशिक्षक म्हणाला, वसंतात बोलू. वसंतात ते काय बोलले मला माहीत नाही, पण पुढच्या हिवाळ्यात कोल्ब्योर्न ट्रकमध्ये नव्हता. लाकूड कापायच्या गिरणीत लागला असं कळलं. मी आणखी दोन हिवाळे धावलो, फार काही केलं नाही, आणि मग मेणाकडे आलो. त्याला कधी भेटलो नाही. म्हणजे दोनदा एल्वेरुमवरून गेलो, थांबलो नाही. मनाला मी एक समजूत घालून ठेवली आहे, ती आजवर पुरली. कोल्ब्योर्न त्या दिवशी सुरुवातीच्या रेषेपाशी होता, उताराकडे गेलाच नसणार, म्हणजे त्याला खरोखरच वाटलं असेल की मेण चुकलं. मेणाचं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. चुकूही शकतं.

शुक्रवारी सकाळी हेर्दिस आली. पोरं बाहेर टेस्ट करत होती. तिनं हातमोजे काढले, बाकावर एक संत्रं ठेवलं, सोलायला घेतलं आणि अर्धं माझ्यापुढे सरकवलं. मी घेतलं नाही. एका बाजूनं चावता येत नव्हतं हे खरं, पण ते कारण नव्हतं. ती म्हणाली, आर्नफिन तुला विचारणार आहे. मी म्हटलं, विचारून झालं. मग ती संत्र्याचे पांढरे धागे काढत बसली. तिच्या बोटांना भेगा पडल्या होत्या. मला तिची दया आली आणि दया आल्याबद्दल स्वतःचाच वैताग आला.

"तुला माहीत आहे ना कसं होतं ते," ती म्हणाली. "तू धावला आहेस."

"मला काही माहीत नाही," मी म्हटलं. "मी मेण लावतो."

"ओड्वार, आई येणार आहे शनिवारी. तिला व्हीलचेअरमधून वर आणणार आहेत."

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, दोन झाडांबद्दल, वहीबद्दल, वही काढून तिच्या तोंडासमोर धरली बहुतेक. तिनं तिचा आकडा वाचला. बाकीचे आकडेही वाचले, सावकाश, बोट फिरवत. मग वही मिटून इस्त्रीशेजारी ठेवली आणि उरलेलं संत्रं तसंच टाकून गेली. माफी मागितली नाही, रडली नाही. मला वाटलं होतं दोन्हीतलं एक तरी करेल, म्हणजे मला नाही म्हणायला सोपं जाईल.

दुपारी आर्नफिन आला. मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी सतरा नंबरचा तळ घासत होतो. म्हटलं, "मेण चुकलं. माझं." वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर मला त्याचा आवाज ओळखीचा वाटला, आणि तो माझा नव्हता. आर्नफिननं मोठा श्वास सोडला. हा माणूस सुटला होता. म्हणाला, बरं झालं सांगितलंस, आणि मग दारात थांबून, थोडं वाईट वाटून, पण म्हणालाच, "वसंतात बोलू आपण." मी थोर वगैरे काही झालो नव्हतो. मला फक्त सगळ्यांचा कंटाळा आला होता, रान्दीचा, तिच्या मेहुण्याचा, व्हीलचेअरचा, माझा. आणि सुन्निवाचा तर मी विचारच केला नाही. हे नंतर लक्षात आलं. तोवर यादी लागली होती.

शनिवारी ऊन पडलं. बर्फ निळा दिसत होता आणि घंटांचा आवाज झाडांच्या वरून येत होता. हेर्दिस पहिली धावणार होती. स्की घ्यायला आली तेव्हा मी सतरा नंबरची जोडी तिच्या हातात दिली. तिनं नंबर पाहिला. तीस जोड्यांतून मी नेमकी बुधवारची दिली आहे हे तिला कळलं, आणि मला हेही कळलं की तिला दुसरी मागता येणार नाही. मी म्हटलं, उतारावर खाली बस, घाई करू नकोस. ती म्हणाली बरं. तेवढंच. मागे सुन्निवा सगळ्यांच्या गरम जाकिटांची पिशवी घेऊन उभी होती. एकवीस वर्षांची पोर, पायात साधे बूट. तिनं माझ्याकडे बघून हात केला. तो हात मला अजून दिसतो.

मी माझ्या दोन झाडांपाशी गेलो. हेर्दिसनं झोपून पाचही पाडली, उभ्यानं दोन जादा गोळ्या लागल्या, पण निशाण चुकलं की मारावी लागते ती दंडाची जादा फेरी वाचली. उतारावर ती त्या दिवशीची सगळ्यात वेगवान. घड्याळाकडे मी दोनदा पाहिलं. आणि चढावर तेच, मागून कुणी दोरी धरलेली. एक गेली, मग तिघी गेल्या, मग एस्टोनियाची गेली. माझ्या शेजारचा माणूस, चेहऱ्याला झेंडा फासलेला, ओरडला, "अरे मेणवाल्यांनो, झोपलात काय?" मी म्हटलं, हो. पुढच्या मुलीला हात लावून धाव तिच्या ताब्यात दिली तेव्हा हेर्दिस बारावी होती, पंचावन्न सेकंद मागे. उरलेल्या तिघी जीव तोडून धावल्या आणि संघ चौथा आला. तिसऱ्यापासून चार सेकंद. घरच्या मैदानावर चौथं येण्यापेक्षा बारावं आलेलं बरं, निदान कुणी सेकंद मोजत बसत नाही.

स्की गोळा करायला मी खाली दोरीपाशी गेलो. तीच बाई, तोच माईक. तिनं प्रश्न विचारायचा म्हणून विचारला, उत्तर तिला पाठ होतं. "हेर्दिस, पुन्हा स्कीच नव्हत्या का?" हेर्दिसनं टोपी मागे सरकवली. तिची आई पलीकडे चादरीत गुंडाळून बसली होती, हातात छोटा झेंडा. हेर्दिसनं आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"स्की होत्या," ती म्हणाली. "बुधवारीही होत्या. पाय नव्हते."

मला इतका संताप आला की दाढ पुन्हा कळवळली. अगं गाढवे, हेच बोलायचं होतं तर बुधवारी बोलायचं, निदान काल बोलायचं. आता सगळ्या देशासमोर तू खरी झालीस आणि मी खोटा झालो. आर्नफिन माझ्या शेजारी येऊन उभा राहिला होता. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळूच म्हणाला, "चार सेकंद, ओड्वार. सुन्निवाला मी काय सांगू?" यावेळी तोंडात नळीही नव्हती. हेर्दिस दोरीखालून वाकून आली, सतरा नंबरची जोडी माझ्या हातात दिली आणि तिथेच बर्फावर बसली, लहान पोरं बसतात तशी. मी तिला उठवलं नाही. स्कींच्या तळावरून हात फिरवला, सवयीनं. मेण अजून जसंच्या तसं होतं.

मग मी ट्रकच्या मागे गेलो, उन्हात, आणि एल्वेरुमच्या वृद्धाश्रमात फोन लावला. नंबर माझ्याकडे चार वर्षांपासून आहे. नर्स म्हणाली, तो टीव्ही बघतोय, देते. बराच वेळ टीव्हीतल्या घंटा ऐकू आल्या, माझ्या डोक्यावर वाजत होत्या त्याच, अर्धा क्षण उशिरा. मग श्वासाचा आवाज.

"कोल्ब्योर्न, मी ओड्वार."

"त्या पोरीच्या स्की चांगल्या पळत होत्या," म्हातारा म्हणाला.

मी ट्रकला टेकलो. म्हटलं, "फिनलंडात, तेव्हा, तू लावलेल्या स्कींत काही वाईट नव्हतं. माझेच पाय नव्हते."

तिकडे नुसत्या घंटा वाजत राहिल्या. मला वाटलं फोन कुणीतरी ठेवून दिला.

"माहीत आहे," तो म्हणाला. "दोन झाडांमध्ये साडेनऊ सेकंद. त्या दिवशी तुझ्याइतकं कुणी पळालं नव्हतं."